सीमा, खाण आणि पाणी

ॲरिझोनाचा आग्नेय कोपरा मेक्सिकोच्या सोनोरा राज्याला लागून आहे. पाऊस तुटपुंजा, गुरांसाठी मैलोन् मैल कुरणं आणि डोंगरांच्या पोटात चांदी-तांबं. या भूमीचे नकाशे ओळीने लावून पाहिले, की कोणत्या पिढीला तिच्याकडून काय हवं होतं ते उलगडतं.

आधी हवी होती सीमा. अमेरिका आणि मेक्सिको यांच्यातल्या १८४८च्या तहासाठी डिस्टर्नेलचा नकाशा आधार धरला गेला. त्यात एल पासो खऱ्या जागेपेक्षा बरंच उत्तरेला आणि पूर्वेला दाखवलेलं होतं. त्यावरून वाद पेटला. पुढे १८५३च्या गॅड्सडेन करारात अमेरिकेने एक कोटी डॉलर मोजून दक्षिणेचा पट्टा विकत घेतला. विल्यम एमरी आणि होसे सालाझार इलारेगी यांनी नवी रेषा आखली. तिने इथल्या मूळ रहिवासी ओओधाम लोकांची भूमी दुभंगली. त्यांना मात्र कुणी विचारलं नव्हतं.

मग हवी होती खाण. १८७७मध्ये टूमस्टोनजवळ चांदी सापडली, पाठोपाठ बिस्बीचं तांबं गाजू लागलं. खाणी आणि गुरं वाढली, तसे विरळ सीमास्तंभ पुरेनात. १८९०च्या दशकात फेरमोजणी झाली आणि एल पासोपासून पॅसिफिकपर्यंत २५८ स्तंभ उभे राहिले. १८७९मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकी भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेची माणसं नकाशा काढण्याचं प्लेन टेबल घेऊन डोंगर चढली, समोच्च रेषा काढू लागली. १९०४मध्ये भूशास्त्रज्ञ रॅन्समने बिस्बीच्या खडकांचा आणि खनिजांचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला.

मग हवं होतं पाणी. पुढच्या १:२४,००० प्रमाणाच्या नकाशा-पत्रकांवर झरे, विहिरी, पवनचक्क्या आणि गुरांची तळी बारकाईने उतरली. वाळवंटात गुरं पाण्याच्या आधारानेच जगतात. याच काळात, १९५०च्या दशकात, बिस्बीला लॅव्हेंडर ही उघडी खाण सुरू झाली. लोवेल वस्तीचा बराचसा भाग तिने गिळला. १९७४मध्ये ती थांबली. गिळलेल्या भागातल्या गल्ल्या आता फक्त जुन्या पत्रकांवर उरल्या आहेत.

सर्वेक्षण संस्थेचे २००९पासूनचे नवे नकाशे संगणकीय माहितीवरून तयार होतात. पायी फिरून टिपलेल्या कित्येक लहान खुणा त्यांत सुटल्या. जुनी पत्रकं स्कॅन करून सर्वांसाठी खुली केली, हे त्या संस्थेचं मोठंच काम. बुजलेल्या खाणीचं तोंड शोधणाऱ्याला आणि आटलेला झरा पुन्हा वाहता करू पाहणाऱ्याला तीच लागतात. नवा नकाशा आला म्हणून जुना रद्दीत जाता कामा नये.