प्रायोगिक बांधणी, वास्तुशिक्षणातील

वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी स्वतः कल्पिलेला इमारतीचा एखादा घटक, एखादी लहान वास्तू किंवा संकल्पनात्मक वाहन प्रत्यक्ष साहित्यात घडवून त्यावर भार, वारा, पाऊस, उष्णता व वापर यांच्या चाचण्या घेण्याची अध्यापनपद्धती. कागदावरील आराखडा सुबक असला, तरी तो स्वतःचे वजन तोलीत नाही व पावसात गळतही नाही. त्यामुळे त्यातील चुका बहुधा तशाच झाकून राहतात. घडविलेली वस्तू मात्र आपली चूक स्वतः दाखवून देते. या पद्धतीचे महत्त्व मुख्यतः याच गोष्टीत आहे.

पार्श्वभूमी : मध्ययुगीन यूरोपात काय किंवा भारतीय परंपरेत काय, वास्तू रचणारा हा बांधकामावर काम करीतच शिकत असे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या ‘एकोल दे बोझार’ या कलाविद्यालयाच्या वळणावर अनेक देशांत जे शिक्षण रूढ झाले, त्यात विद्यार्थ्याची पारख प्रामुख्याने त्याच्या रेखाटनांवरून होई. या फारकतीवरील एक महत्त्वाची प्रतिक्रिया म्हणजे वॉल्टर ग्रोपिअस (१८८३–१९६९) यांनी १९१९ मध्ये जर्मनीतील व्हायमार येथे स्थापिलेली ‘बाउहाउस’ ही संस्था होय. येथे विद्यार्थ्यांना लाकूड, धातू, काच, वस्त्र इत्यादींच्या कर्मशाळांतून काम करावे लागे. जोझेफ ॲल्बर्स (१८८८–१९७६) यांच्या प्राथमिक वर्गात साधा कागद देऊन तो वाया न घालविता केवळ कापून व दुमडून ताठ उभा करण्यास सांगितले जाई. सपाट असताना लवणारा कागद घड्या पडताच ताठर होतो, हे तत्त्व विद्यार्थ्याच्या हातालाच समजे. १९२३ मध्ये व्हायमार येथे उभारलेल्या ‘हाउस आम होर्न’ या नमुना-घराचे फर्निचर व इतर साहित्य संस्थेच्या कर्मशाळांतच तयार झाले होते.

प्रतिकृती व पूर्णाकृती नमुना : लहान प्रतिकृती टिकली म्हणजे मोठी रचनाही टिकेल, असा समज सहज होतो, पण तो बरोबर नाही. प्रतिकृतीची सर्व मापे दसपट केली, तर तिचे घनफळ आणि म्हणून वजन हजारपट होते. मात्र ते वजन पेलणाऱ्या भागांच्या छेदाचे क्षेत्रफळ शंभरपटच वाढते. परिणामी दर चौरस सेंटिमीटरवर पडणारा स्वतःच्या वजनाचा ताण दसपट होतो. गॅलिलीओने १६३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या गोष्टीचे विवेचन केले आहे. म्हणून आकार शोधण्यासाठी लहान प्रतिकृती उपयुक्त ठरते, पण बळकटी, सांधे व उभारणीचा क्रम तपासण्यासाठी निदान एखादा भाग तरी पूर्ण मापाचा करावा लागतो.

चाचणीत प्रथम अपेक्षित भार व त्यामुळे येणारा बाक यांचे गणित मांडतात. मग वाळूची पोती किंवा पाण्याची पिंपे यांच्या साहाय्याने भार टप्प्याटप्प्याने वाढवितात व प्रत्येक टप्प्याला घटक किती वाकला, याची नोंद करतात. भार काढल्यावर घटक मूळ स्थितीला आला की नाही, हे पाहणे तितकेच महत्त्वाचे असते. कायमचा बाक राहिल्यास साहित्य आपली मर्यादा ओलांडून गेले असे समजतात. पुष्कळदा तुळई किंवा दांडा शाबूत राहतो आणि सांधा निखळतो. आराखड्यात सांधा म्हणजे दोन रेषा मिळतात तो बिंदू असतो. प्रत्यक्षात मात्र तेथे खिळा, बोल्ट, भोक, पाणी शिरण्याची फट आणि हत्यार घालावयाची जागा या सर्वांचा विचार करावा लागतो.

उताणा घुमट : या पद्धतीतील सर्वांत बोधप्रद प्रसंग अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ‘ब्लॅक मौंटन कॉलेज’ (१९३३–५७) या संस्थेत घडला. बाउहाउस बंद पडल्यानंतर ॲल्बर्स येथे अध्यापन करीत होते. १९४८ च्या उन्हाळी सत्रात रिचर्ड बकमिन्स्टर फुलर (१८९५–१९८३) यांनी विद्यार्थ्यांसह सु. १५ मी. व्यासाचा घुमट उभारण्याचा प्रयत्न केला. त्यासाठी खिडक्यांच्या झडपदार पडद्यांना वापरतात तशा पातळ पट्ट्या घेतल्या होत्या. ठरलेल्या बिंदूंवर त्या जोडल्या, पण घुमट उभा राहिला नाही. पट्ट्यांचे जाळे जमिनीवरच पसरून राहिले. त्यास ‘सुपाइन डोम’ म्हणजे ‘उताणा घुमट’ असे नाव पडले. पुढील वर्षी फुलर शिकागोच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन’ मधील विद्यार्थ्यांसह परत आले. या वेळी विमानांसाठी वापरण्यात येणाऱ्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांपासून केवळ सु. ४.३ मी. व्यासाचा घुमट केला. तो उभा राहिला आणि त्याच्या नळ्यांना विद्यार्थ्यांनी स्वतः लोंबकळून त्याची बळकटी दाखविली. भूमितीची मूळ कल्पना दोन्ही वर्षी एकच होती. फरक पडला तो साहित्याचा ताठरपणा आणि आकारमान यांमुळे.

१९४८ च्या त्याच सत्रात फुलर यांच्या प्रतिकृती जुळविण्याचे काम केनेथ स्नेल्सन (१९२७–२०१६) या विद्यार्थ्याकडे आले होते. त्यातून स्फूर्ती घेऊन त्याने त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत एक लहान रचना केली. तिच्यातील दाब घेणारे भाग एकमेकांना न टेकता केवळ ताणलेल्या दोऱ्यांच्या आधाराने अधांतरी राहत. अशा रचनांना पुढे फुलर यांनी ‘टेन्सेग्रिटी’ हे नाव दिले. शोधाचे श्रेय कोणाचे, याविषयी गुरुशिष्यांत दीर्घकाळ मतभेद राहिला. समूहाने केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्याच्या कामाची नोंद त्याच्या नावाने होणे किती आवश्यक आहे, हे यावरून दिसते.

हलक्या रचना : जर्मनीतील स्टटगार्ट येथे १९६४ मध्ये फ्राय ओटो (१९२५–२०१५) यांच्या नेतृत्वाखाली हलक्या रचनांच्या अभ्यासाची संस्था स्थापन झाली. साबणाचा पापुद्रा तारेच्या चौकटीत कमीत कमी क्षेत्रफळाचा पृष्ठभाग आपोआप धारण करतो. लोंबती साखळी उलटी केल्यास केवळ दाब सोसणाऱ्या कमानीचा आकार मिळतो. अशा निरीक्षणांवर तेथील प्रयोग आधारले होते. माँट्रिऑल येथील १९६७ च्या जागतिक प्रदर्शनातील जर्मन मंडपासाठी आधी स्टटगार्ट येथे एक चाचणी-रचना उभारली होती. तीच पुढे या संस्थेची वास्तू झाली. अलीकडे, २०१० पासून, स्टटगार्ट विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या सहभागाने संशोधन-मंडप उभारण्यात आले. त्यांतील पहिला ६.५ मिमी. जाडीच्या प्लायवुडच्या वाकविलेल्या पट्ट्यांचा होता.

संकल्पनात्मक वाहने : वाहन हा वास्तुकलेच्या कक्षेबाहेरचा विषय वाटतो, तथापि रस्ते व वाहनतळ शहराची बरीच जागा व्यापतात, म्हणून वाहनाचा आकार हा नगररचनेचाही प्रश्न ठरतो. शिवाय वाहन म्हणजे हालचाल करणारे, अत्यंत काटकसरीने योजलेले आवरणच असते. ग्रोपिअस यांनी १९३० च्या सुमारास आडलर या कंपनीसाठी मोटारींचे बाह्यांग योजिले होते, तर फुलर यांची तीन चाकांची ‘डायमॅक्सियन’ मोटार १९३३ मध्ये तयार झाली.

मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे वास्तुकला विभागाचे पूर्वीचे अधिष्ठाता विल्यम जे. मिचेल (१९४४–२०१०) यांच्या मार्गदर्शनाखाली वास्तुकला, अभियांत्रिकी इ. शाखांच्या विद्यार्थ्यांनी ‘सिटी कार’ ही विजेवर चालणारी दोन आसनी गाडी कल्पिली. तिच्या प्रत्येक चाकातच मोटर, ब्रेक, वळविण्याची व धक्के शोषण्याची यंत्रणा होती. त्यामुळे पुढील एंजिनाची जागा वाचून गाडी दुमडता येई आणि एका नेहमीच्या मोटारीच्या जागेत अशा तीन गाड्या उभ्या करता येतील, अशी योजना होती. या कल्पनेवर स्पेनच्या बास्क प्रदेशात तयार झालेली ‘हिरिको’ ही गाडी जानेवारी २०१२ मध्ये ब्रुसेल्स येथे दाखविण्यात आली. मात्र तिचे नियमित उत्पादन होऊ शकले नाही. नमुना चालणे आणि वस्तू बाजारात टिकणे, या दोन निरनिराळ्या चाचण्या आहेत.

घर व वाहन यांचा एकत्र कस अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने २००२ मध्ये वॉशिंग्टन येथे सुरू केलेल्या ‘सोलर डिकॅथ्लॉन’ या स्पर्धेत लागला. पहिल्या वर्षी विद्यार्थ्यांचे १४ संघ होते. प्रत्येक संघ सौर ऊर्जेवर चालणारे घर बांधून, ते सुटे करून स्पर्धेच्या जागी आणी व पुन्हा उभारी. आरंभीच्या स्पर्धांतील दहा कसोट्यांपैकी एक वाहनाची होती : घराच्या छतावर निर्माण झालेल्या विजेवरच विद्युत् मोटार चालवावयाची. ढगाळ दिवशी पाणी तापवावे, अन्न थंड ठेवावे की गाडी चालवावी, याचा निर्णय विद्यार्थ्यांनाच करावा लागे. या स्पर्धेच्या यूरोपीय आवृत्तीत २०१४ मध्ये फ्रान्समधील व्हर्साय येथे मुंबईच्या ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी’ व ‘अकॅडमी ऑफ आर्किटेक्चर’ येथील विद्यार्थ्यांच्या ‘टीम शून्य’ या संघाने भाग घेतला.

लोकवस्तीतील प्रयोग : येल विद्यापीठात १९६७ पासून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून एक इमारत प्रत्यक्ष बांधून घेण्याचा प्रघात सुरू झाला. ऑबर्न विद्यापीठाच्या वतीने सॅम्युएल मॉकबी (१९४४–२००१) व डी. के. रूथ यांनी १९९३ मध्ये अलाबामा राज्याच्या हेल या गरीब परगण्यात ‘रूरल स्टुडिओ’ सुरू केला. तेथील मेसन्स बेंड या वस्तीत २००० मध्ये विद्यार्थ्यांनी बांधलेल्या समाजगृहाच्या छताला भंगारातून आणलेल्या मोटारींच्या दर्शनी काचा खवल्यांसारख्या एकीवर एक बसविल्या आहेत. वाऱ्यापावसाला तोंड देण्यासाठी घडविलेला वाहनाचा भाग येथे इमारतीचा घटक बनला.

मर्यादा : ही पद्धती खर्चिक असून तिला वेळ व कुशल देखरेख लागते. नमुना उभारताना अपघाताचा धोका असतो. अधिक गंभीर प्रश्न नैतिक आहे. मैदानावर पडलेला घुमट कोणाला बेघर करीत नाही. पण गरीब कुटुंबासाठी बांधलेले घर गळू लागले, तर विद्यार्थ्याच्या धड्याची किंमत त्या कुटुंबाला मोजावी लागते. म्हणून नवे साहित्य व नवे सांधे आधी कर्मशाळेत मोडेपर्यंत तपासावेत आणि राहत्या घरात चाचणीला उतरलेल्या गोष्टीच वापराव्यात, हे पथ्य आवश्यक ठरते. एकाच परिसरात दीर्घकाळ काम केल्यास पूर्वीच्या विद्यार्थ्यांनी बांधलेल्या घरांचे पुढे काय झाले, हेही नव्या विद्यार्थ्यांना पाहता येते. वास्तूची खरी चाचणी उद्‌घाटनाच्या दिवशी संपत नाही. ती तेथे राहणारी माणसे पुढे कित्येक वर्षे घेत असतात.