समूहोपचार : दुःखाला संघाची सोबत

ताप आला किंवा हाड मोडले, तर माणूस संकोच न करता दवाखाना गाठतो. मन आजारी पडले, तर मात्र ती गोष्ट घरातल्या घरात दडवली जाते. मुलीची सोयरीक मोडेल, नोकरीच्या ठिकाणी बोभाटा होईल, लोक नावे ठेवतील, या धास्तीत वर्षे निघून जातात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आपल्या समाजातील काही घरांतही आजाऱ्याला डॉक्टरांआधी देवऋष्याकडे नेले जाते, हे कटू वास्तव आम्ही नाकारू शकत नाही. मनाच्या आजाराला औषधाइतकीच हानी या लपवालपवीने पोहोचते, असे नव्हे. औषध तरी बरे करते, लपवालपवी आजार वाढवते. ही कोंडी फोडणाऱ्या एका उपचारपद्धतीची, समूहोपचाराची, ओळख करून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

समूहोपचारात साधारणतः सहा ते दहा-बारा रुग्ण आणि एक किंवा दोन प्रशिक्षित मानसोपचारक एकत्र बसतात. बैठक बहुधा आठवड्यातून एकदा, तास-दीड तासाची असते. सर्वजण गोलाकार बसतात. पुढची आणि मागची रांग तेथे नसते. नियम थोडे, पण कडक असतात. येथे बोललेले बाहेर न्यायचे नाही. कोणाची टिंगल करायची नाही. बोलण्याची सक्ती नाही. गप्प बसून ऐकणाऱ्यालाही पूर्ण मान आहे. काही गटांत आजाराची माहिती दिली जाते, काहींत राग, चिंता वा निराशा आवरण्याची कौशल्ये शिकवली जातात, तर काहींत परस्परांशी वागता-बोलताना मनात काय घडते याचाच शोध घेतला जातो.

या पद्धतीचा उगम गरिबांच्या दवाखान्यात झाला, ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९०५ साली अमेरिकेतील बॉस्टन शहरात डॉ. जोसेफ प्रॅट यांनी आरोग्यधामाचा खर्च न परवडणाऱ्या क्षयरुग्णांना आठवड्यातून एकदा एकत्र बसवून शिकवण्यास प्रारंभ केला. एकमेकांची प्रगती पाहून रुग्णांना धीर येतो, हे त्यांच्या ध्यानात आले. पुढे दुसऱ्या महायुद्धात मनाने खचलेले सैनिक फार आणि डॉक्टर थोडे, अशी स्थिती झाली, तेव्हा लष्करी रुग्णालयांतून या पद्धतीचा विस्तार झाला.

गटात बसल्याने नेमके काय घडते? अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ आयर्विन यालोम यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात यामागील घटक सविस्तर मांडले. त्यांतील पहिला घटक आपल्याला अपरिचित नाही. किसा गोतमी मृत बाळाला कवटाळून औषध मागत फिरत होती. जेथे कधी मृत्यू झाला नाही अशा घरातून मोहरी आणण्यास तथागतांनी तिला सांगितले. दारोदार फिरल्यावर तिला कळले की हे दुःख तिच्या एकटीचे नाही. या कथेत चमत्कार नाही. बाळ उठून बसत नाही. बदलते ते गोतमीचे एकटेपण. समूहोपचारात रुग्णाला प्रथम हाच अनुभव येतो. 'मला एकट्यालाच असे विचार येतात' ही समजूत गळून पडली की लाजेची पकड सैल होते. दुसरा घटक आशेचा : आपल्याच आजारातून सावरलेला माणूस समोर बसलेला दिसतो. तिसरा घटक उपयोगी पडण्याचा : आयुष्यभर 'ओझे' ठरवला गेलेला रुग्ण दुसऱ्याला चार शब्दांचा आधार देतो आणि स्वतःच्या नजरेत उंचावतो. भिक्खू संघातही पंधरवड्याच्या उपोसथाला एकत्र येऊन आपले दोष सांगण्याची प्रथा होती. ती उपचारपद्धती नव्हती. तरी समान माणसांसमोर मन उघडे केल्याने ते हलके होते, ही जाण त्या प्रथेत होती.

महाराष्ट्रात या विचाराची भक्कम कामे उभी आहेत. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पुण्यात १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात समूहोपचार हा उपचाराचा महत्त्वाचा भाग आहे. व्यसनातून बाहेर आलेली माणसे तेथे समुपदेशक म्हणून नव्या रुग्णांना हात देतात. व्यसनी माणसाच्या पत्नीचे हाल वेगळे असतात, हे जाणून पत्नींसाठी 'सहचरी' हा स्वतंत्र गट चालवला जातो. पुण्यातच डॉ. जगन्नाथ वाणी यांनी स्थापन केलेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनने रुग्ण व कुटुंबीयांचे स्वमदत गट चालवले. अशा गटांतून रुग्णाला 'शुभार्थी' आणि त्याची काळजी वाहणाऱ्याला 'शुभंकर' म्हणण्याची रीत रूढ झाली. 'वेडा' या शब्दाने माणसाचे जे हिरावून घेतले होते, ते या दोन शब्दांनी परत दिले.

समूहोपचाराच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. तो औषधांना पर्याय नाही. मनोविकारतज्ज्ञांनी दिलेली गोळी गटात जाऊ लागलो म्हणून बंद करू नये. उलट गोळी नियमित घेण्याचे बळ गटातून मिळते, आजार उलटत असल्याची पहिली खूण अनेकदा सोबत्यांनाच दिसते. ज्याचा भ्रम तीव्र आहे किंवा ज्याच्या मनात आत्महत्येचे विचार प्रबळ आहेत, त्याला आधी तातडीचे वैयक्तिक उपचार हवेत. आणखी एक गोष्ट. जातीच्या अपमानातून आलेली वेदना कोणी गटात मांडली, तर 'विसरून जा' असे म्हणणारा गट त्याला पुन्हा एकटे पाडतो. अपमान ही समाजाची व्याधी आहे, तिच्यामुळे आलेले नैराश्य ही त्या माणसाची व्याधी आहे. पहिलीशी लढा द्यावा लागतो, दुसरीवर उपचार करावे लागतात. जाणत्या मानसोपचारकाला हा भेद ठाऊक असला पाहिजे.

सोलापूरला सोबतीच्या बळाचा जुना वारसा आहे. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली याच शहरात विद्यार्थ्यांचे वसतिगृह सुरू केले. घरापासून दूर आलेल्या मुलांना तेथे निवारा आणि अन्न तर मिळालेच, आपल्यासारखीच शिकू पाहणारी भावंडेही मिळाली. आमच्या माजी विद्यार्थ्यांनाही निवासी शाळेतील ही भावंडे आठवत असतील. आज त्यांतील कोणी दूरच्या शहरात एकाकी आहे, कोणाच्या घरात दारूने ठाण मांडले आहे. त्यांच्यासाठी विहारात महिन्यातून एक बैठक प्रशिक्षित समुपदेशकाच्या मार्गदर्शनाखाली घेणे अशक्य नाही. अशी बैठक म्हणजे संपूर्ण उपचार नव्हे. पण उपचारापर्यंत नेणारी ती पहिली पायरी ठरू शकते.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याने शासकीय सेवेतून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर दिवस-रात्र विनामूल्य बोलता येते. हक्क कागदावर आला आहे; तो बजावण्यासाठी आधी दुःख बोलावे लागेल आणि ते ऐकणारी माणसे आपण व्हावे लागेल.