जागतिक वारसा आणि आपल्या पायांखालचा काळा दगड

सुज्ञ गृहस्थ आपल्या घरांतील मौल्यवान वस्तूंची यादी करून ठेवितो, ती दोन हेतूंनीं. आपणांपाशीं काय आहे हें पुढील पिढीस कळावें, हा एक. आणि त्यांतील कांहीं हरवलें तर तें ताबडतोब ध्यानांत यावें, हा दुसरा. जगांतील राष्ट्रांनींही मिळून अशी एक यादी चालविली आहे. तिला जागतिक वारसा यादी म्हणतात. अजिंठा व वेरूळ येथील लेणीं १९८३ सालापासून तींत आहेत, हें पुष्कळ विद्यार्थ्यांस ठाऊक असतें. परंतु अरण्यें, पठारें व खडक यांनाही त्या यादींत जागा आहे, आणि त्यांचीं नांवें तेथें कशीं चढतात, हें फार थोड्यांस माहीत असतें. तेंच येथें सांगावयाचें आहे.

१९७२ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत पॅरिस येथें युनेस्को या संस्थेच्या परिषदेंत एक करार मंजूर झाला. कांहीं स्थळें इतकीं असामान्य असतात कीं त्यांचा नाश ही सर्व मानवजातीची हानि होय, हें तत्त्व त्या करारानें मान्य केलें. भारत १९७७ सालीं त्यांत सामील झाला. निसर्गनिर्मित स्थळांसाठीं चार कसोट्या ठरल्या आहेत: अलौकिक सृष्टिसौंदर्य, पृथ्वीच्या इतिहासाचा ठळक पुरावा, जीवसृष्टीच्या विकासाची चालू असलेली क्रिया, आणि दुर्मिळ प्राणी व वनस्पति यांचें वसतिस्थान. यांपैकीं एका तरी कसोटीस स्थळ उतरलें पाहिजे, आणि त्याच्या रक्षणाची व्यवस्थाही दाखवितां आली पाहिजे.

येथें एक गोष्ट नीट लक्षांत ठेवावी. युनेस्को आपण होऊन कोणत्याही देशांतील स्थळ यादींत घालीत नाहीं. तें सुचविण्याचा अधिकार त्या त्या देशाच्या सरकारासच आहे. सरकार प्रथम एक तात्पुरती यादी पाठवितें. तींत नांव येऊन निदान एक वर्ष लोटल्यावर सविस्तर प्रस्ताव पाठवितां येतो. त्यांत नकाशे, सीमा, लागू असलेले कायदे व देखरेखीची योजना हें सर्व द्यावें लागतें. मग स्वित्झर्लंडमध्यें मुख्य कचेरी असलेला आंतरराष्ट्रीय निसर्गरक्षण संघ आपल्या तज्ज्ञांकडून तपासणी करवितो, आणि शेवटीं २१ राष्ट्रांची समिति निर्णय देते.

पश्चिम घाटाचें उदाहरण घेऊं. सुमारें १६०० किलोमीटर लांबीच्या या पर्वतरांगेंतील ३९ स्थळांचा एकत्र प्रस्ताव भारत सरकारनें पाठविला होता. त्यांपैकीं २० केरळांत, १० कर्नाटकांत, ५ तामिळनाडूंत व ४ महाराष्ट्रांत आहेत. आपलीं चार म्हणजे साताऱ्याजवळचें कास पठार, कोयना अभयारण्य, चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि गव्यांसाठीं प्रसिद्ध असलेलें राधानगरी अभयारण्य. प्रस्तावाची वाट सोपी नव्हती. तज्ज्ञ संघाचें मत अनुकूल पडलें नाहीं. २०११ सालच्या बैठकींत निर्णय लांबणीवर पडला. तिकडे कर्नाटक सरकारनेंच आपलीं दहा स्थळें वगळावीं असा आग्रह धरिला. अखेर १ जुलै २०१२ रोजीं रशियांतील सेंट पीटर्सबर्ग येथें समितीनें पश्चिम घाटाचें नांव यादींत दाखल केलें.

कर्नाटकाचा विरोध केवळ हट्ट होता, असें समजूं नये. जंगलाच्या कडेनें राहणाऱ्या माणसांच्या मनांत एक साधा प्रश्न असतो: उद्यां आमची गुरें कोठें चरावयाचीं, सरपण कोठून आणावयाचें? कोयना-चांदोलीच्या खोऱ्यांतील कित्येक गांवें धरणें व संरक्षित जंगल यांच्यापायीं उठलीं. तेथील कुटुंबांस वाडवडिलांची जमीन सोडून परक्या मुलखांत घर मांडावें लागलें. वारसा सर्व जगाचा, आणि त्याची किंमत मात्र मूठभर माणसांनीं द्यावयाची, हा न्याय नव्हे. कास पठारावर याचें कांहींसें उत्तर शोधलें गेलें आहे. फुलांच्या हंगामांत तेथें लोटणाऱ्या गर्दीच्या पायांखालीं फुलेंच तुडविलीं जाऊं लागलीं, तेव्हां भोंवतालच्या गांवांच्या समित्या व वनखातें यांनीं मिळून प्रवेशावर शुल्क व मर्यादा बसविली. राखणीचें काम व त्याचा मोबदला दोन्हीही जेथें स्थानिक माणसांस मिळतात, तेथें रक्षण टिकतें.

यादींत नांव आलें म्हणून परदेशांतून पहारेकरी येत नाहींत. जमीन देशाचीच राहते, कायदेही देशाचेच चालतात. नामांकन म्हणजे सरकारनें आपल्या प्रजेच्या वतीनें जगास दिलेलें वचन होय. तें मोडलें तर काय होतें? ओमान देशानें ओरिक्स नांवाच्या हरिणांचें अभयारण्य १९९४ सालीं यादींत घालविलें. पुढें तेलाच्या शोधासाठीं त्याचें क्षेत्र ९० टक्क्यांनीं घटविलें. २००७ सालीं तें नांव काढून टाकण्यांत आलें. यादींतून खोडलेलें तें पहिलेंच स्थळ. उलट आसामांतील मानस अभयारण्य पाहा. तेथील अशांततेच्या काळांत गेंडे मारले गेले, आणि १९९२ सालीं त्याचें नांव संकटांतील स्थळांत गेलें. तेथील लोकांनीं व सरकारनें पुन्हां घडी बसविली, गेंडे नव्यानें आणून सोडले, आणि २०११ सालीं मानस संकटांतून मुक्त झालें.

आतां आपल्या यवतमाळाकडे वळूं. २०२५ सालच्या सप्टेंबरांत भारताच्या तात्पुरत्या यादींत सात नवीं निसर्गस्थळें आलीं. त्यांत पांचगणी व महाबळेश्वर येथील दख्खन ट्रॅप आहे. ट्रॅप हा शब्द जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दापासून आला आहे. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूमीस भेगा पडून तप्त लाव्हारस वाहिला. थरावर थर बसत गेले, आणि झिजून त्यांचे पायऱ्यांसारखे डोंगर बनले. त्याच सुमारास पृथ्वीवरून डायनोसॉर नाहींसे झाले. त्यांत या उद्रेकांचा वांटा किती, याचा अभ्यास आजही चालू आहे. हाच खडक सह्याद्रींत अतिशय जाड आहे, आणि पूर्वेकडे पातळ होत होत आपल्या जिल्ह्यांत येतो. वणीकडे त्याचा पसारा संपत जाऊन चुनखडी व कोळसा लागतो. आपली कपाशी ज्या काळ्या मातींत पिकते, ती याच खडकाची झीज होय.

इतकेंच नव्हे. २०२१ सालीं आपल्या जिल्ह्यांतील शिबला-पार्डी परिसरांत रस्त्याचें काम चालू असतां जमिनीखालून दगडी खांब उघडे पडले. कोणी शिल्पकारानें घडवावे तसे ते पैलूदार आहेत. तळें आटल्यावर गाळास जशा भेगा पडतात, तशाच थंड होऊन आकसणाऱ्या लाव्हारसास पडल्या, आणि त्या खोलवर जाऊन हे खांब तयार झाले. कर्नाटकांतील उडुपीजवळच्या सेंट मेरी बेटांवरही ज्वालामुखीच्या खडकाचे असेच खांब आहेत. तीं बेटें त्याच सात नव्या स्थळांत आहेत. शिबल्याचे खांब कोणत्याही जागतिक यादींत नाहींत. न जाणणाऱ्यास ती केवळ खडी. आणि एकदां फुटलेला खांब कोणतेंही सरकार पुन्हां उभा करूं शकत नाहीं.

पण यादींत नांव नाहीं म्हणून निराश होण्याचें कारण नाहीं. आपलें टिपेश्वर अभयारण्यही त्या यादींत नाहीं. तरीही तेथें वाघ वाढले, आणि २०१९ सालीं तेथून निघालेला एक तरुण वाघ शेतें, ओढे व रस्ते ओलांडीत १३०० किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यांत पोंचला. वाटेंतील शेंकडों गांवांनीं त्यास जाऊं दिलें, हें काय लहानसहान रक्षण झालें?

म्हणून विद्यार्थ्यांनो, आपल्या गांवाभोंवतीं काय आहे त्याची यादी आधीं तुम्हींच करा. कोणता ओढा बारमाही आहे, कोणती देवराई अजून उभी आहे, विहीर खणतांना कोणता दगड निघाला, हें वडील माणसांस विचारून लिहून ठेवा. पालकांनींही यांत त्यांस साह्य करावें. ही माहिती पुस्तकांपेक्षां त्यांच्यापाशीं अधिक आहे. सरकारचें नामांकन पुढें केव्हां तरी येईल अथवा येणारही नाहीं. ज्यांच्या वतीनें तें वचन द्यावयाचें, ते लोक मात्र आजच सावध असले पाहिजेत.