वजन भरलं, पण शाळेचं काय?

बाळ अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं जन्मलं की सारं घर वजनकाट्याकडे डोळे लावून बसतं. वजन भरलं, लसी वेळेवर टोचल्या, की बहुतेकांच्या लेखी धोका टळतो आणि तपासण्या थांबतात. त्या निदान प्राथमिक शाळेपर्यंत चालू राहायला हव्यात. अनेक देशांतल्या अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यानुसार दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा फार अपुऱ्या दिवसांच्या मुलांत एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकाराची, शक्यता सुमारे तिप्पट असते. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत मेंदूच्या भागांना जोडणारं जाळं झपाट्यानं वाढतं. नेमका तोच काळ या बाळांच्या वाट्याला पुरता येत नाही, किंवा पोटात असतानाच पोषण कमी पडतं.

यावर रास्त आक्षेप असा की एडीएचडी मुख्यतः आनुवंशिक आहे. मग वजनाला दोष का द्यावा? आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहेच. पण स्वीडनमधल्या जुळ्यांच्या अभ्यासात, आई एक, घर एक, एकरूप जुळ्यांत तर जनुकंही तीच, तरी जन्मतः हलक्या असलेल्या भावंडात लक्षणं थोडी जास्त दिसली. फरक लहान आहे, पण तो आनुवंशिकतेच्या खात्यावर टाकता येत नाही.

मला जास्त काळजी वाटते ती या त्रासाच्या रूपाची. अपुऱ्या दिवसांच्या मुलांत धुडगुसापेक्षा लक्ष न टिकणंच ठळक असतं. असं मूल वर्गात कुणाला त्रास देत नाही, म्हणून कुणाच्या नजरेतही येत नाही. फळ्यावरचं अर्धंच उतरवतं आणि ‘आळशी’ ठरतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयानं १९८७ ते १९८९ दरम्यानच्या दोन किलोखालच्या बाळांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा शाळेच्या वयात लिखाण आणि गणितातल्या अडचणी पुढे आल्या. लवकर तपासलं तर मुलावर उगाच शिक्का बसेल, ही भीती खोटी नाही. यातल्या बहुसंख्य मुलांना एडीएचडी होतही नाही. पण ‘आळशी’ हाही शिक्काच आहे, आणि त्यावर उपचार नाही. उलट वेळेवरच्या काळजीचा परिणाम दूरवर टिकतो: कोलंबियात आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून वाढवलेल्या, म्हणजे ‘कांगारू’ पद्धतीच्या, बाळांत वीस वर्षांनीही अतिचंचलता कमी आढळली. आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत आणि शाळांत जातातच. पहिली-दुसरीतलं मूल तपासताना त्यांनी जन्माचं वजन विचारावं, आणि ते कमी असेल तर गप्प बसणाऱ्या मुलाकडे दोन मिनिटं जास्त द्यावीत.