वसंतातला बर्फ

गोसीखुर्दच्या धरणाचे ३३ दरवाजे उघडण्यापूर्वी वैनगंगेकाठच्या गावांना इशारा दिला जातो. हिमालयातला बर्फ तेवढी सवड देत नाही. वसंतात रात्री गोठून घट्ट झालेला बर्फ दिवस चढताच वितळू लागतो; पाणी थरांत झिरपते, पकड सुटते आणि ३० ते ४५ अंशांच्या उतारावरून सारा थरच खाली येतो. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये नथुलाच्या वाटेवर हिमलोट कोसळून ७ पर्यटक दगावले. गाडला गेलेला माणूस १५ मिनिटांत सापडला, तरच जगण्याची आशा मोठी. उन्हाळ्याच्या सुटीत मुलाबाळांसह तिकडे निघणाऱ्या वाचकांनी म्हणूनच एवढे ध्यानी धरावे : बर्फाळ उतार सकाळी लवकर ओलांडावा, आणि रस्ता राखणाऱ्यांनी ‘पुढे जाऊ नका’ म्हटले, तर मुकाट्याने मागे फिरावे.