चित्र आणि मन

आकाशातील ढगाकडे पाहताना कोणाला हत्ती दिसतो, तर कोणाला किल्ला. ढग एकच, पण पाहणाऱ्यांची मने निराळी, म्हणून आकृतीही निराळ्या. चित्राच्या साहाय्याने मनाचा शोध घेण्याच्या विद्येला कलोपचार म्हणतात.

जे दुःख शब्दांत सांगवत नाही, ते कधी कधी रेषांत आणि रंगांत उतरते. १९३८ साली क्षयाने आजारी पडलेला इंग्रज चित्रकार अ‍ॅड्रियन हिल रुग्णालयात चित्रे काढू लागला. त्याच्या मनाला उभारी आली. पुढे त्याने इतर रुग्णांनाही चित्रकलेकडे वळवले आणि १९४२ साली या उपचाराला नाव दिले.

परंतु ज्याला चित्र काढण्याचा संकोच वाटतो, त्याने काय करावे? २०२२ पासून कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्रे घडवणारी साधने सामान्य माणसाच्या हाती आली आहेत. कोट्यवधी चित्रे व त्यांची वर्णने यांवरून ती शिकलेली असतात. आपण शब्दांत वर्णन द्यावे. यंत्र विस्कळीत ठिपक्यांपासून आरंभ करते आणि वर्णनाला अनुसरून त्यांतून पायरीपायरीने चित्र स्पष्ट करीत नेते. काही कलोपचारतज्ज्ञ आता याही साधनाचा उपयोग करून पाहत आहेत.

आपल्या धाराशिव जिल्ह्यातील एका प्रसंगाची कल्पना करू. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि आपल्या जिल्ह्यातील सास्तूर यांसारखी अनेक गावे उद्ध्वस्त केली. दगडमातीची जड घरे निजलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे दहा हजार लोक मृत्युमुखी पडले. समजा, त्या वेळी दहा वर्षांचा असलेला एक मुलगा आज प्रौढ वयात कलोपचारतज्ज्ञापाशी बसला आहे. पडलेल्या घराविषयी तो आजवर कोणाशी बोललेला नाही. तो यंत्राला वर्णन देतो, "दगडी भिंतींचे घर, वर माळवद, पुढे अंगण." चित्र येते. तो क्षणभर पाहतो आणि म्हणतो, "असे नव्हते. आमचे दार बुटके होते. आजोबा वाकून आत येत." मग तो आजोबांविषयी बोलू लागतो.

पाहा, यंत्राचे चित्र चुकले, तरी त्याच्या मनाची वाट मोकळी झाली! त्या दाराची आठवण यंत्रापाशी नव्हती. ती त्या माणसापाशीच होती. म्हणून यंत्राचे देखणे चित्र पाहून 'हेच माझे मन' असे मानणे ही फसगत होय. शिवाय चित्राने जुनी जखम उघडीही पडू शकते. अशा वेळी जवळ जाणता माणूस हवा. मनातील गुपितेही यंत्राला सहजासहजी सांगू नयेत.

मुलांनो, कधी मन जड झाले, तर कागद-पेन्सिल घ्या आणि मनात येईल ते काढा. चित्र वेडेवाकडे आले तरी चालेल. मग ते आईला, वडिलांना किंवा गुरुजींना दाखवा आणि त्यात काय आहे, ते तुमच्या शब्दांत सांगा.