खोडाआडची खार

ती गुलेल आधी खाली ठेव आणि इथे बस. कडुनिंबावरची ती खार तुला लागायची नाही. का लागायची नाही, ते सांगतो.

तू डावीकडून गेलास की ती खोडाच्या उजव्या अंगाला. तू उजवीकडून आलास की ती डावीकडे. उगाच लांब पळत नाही. तुझ्या आणि स्वतःच्या मध्ये खोड राहील एवढंच बघते. आणि उतरताना नीट बघ, डोकं खाली करून सरसर येते. मांजराला झाडावर चढता येतं, पण उतरताना त्याची फजिती होते. खारीचा मागचा पाय घोट्यात पार उलटा फिरतो, त्यामुळे मागची नखं वरच्या सालीत रुतून राहतात आणि ती उलटी लटकूनही निवांत पेरू खाते. आपल्या या जुनवानीत प्लॉट पडले, घरं उठली, तरी ती इथेच आहे. तिच्या पाठीवरचे पट्टे मोज. आपल्या देशात तीन पट्ट्यांची असते, पाच पट्ट्यांचीही असते. रामाने सेतू बांधताना पाठीवरून तीन बोटं फिरवली म्हणतात. मग पाचवालीवर अख्खा पंजा फिरवला का, हे आजोबांना विचारायचं नाही!

आता अमेरिकेतली गंमत ऐक. तिथे खारीची शिकार कायद्याने चालते. वन्यजीवांसाठी राखलेल्या सरकारी जमिनी असतात, त्यातल्या बऱ्याच जमिनी लोकांना शिकारीसाठी खुल्या. परवाना काढायचा, राज्याने ठरवलेल्या हंगामातच जायचं, आणि एका दिवसात किती मारायच्या तेही राज्यच ठरवणार. तिथली करडी खार आपल्या खारीच्या कितीतरी पट मोठी, जवळजवळ अर्धा किलोची. तिचा रस्सा करतात. नाक मुरडू नकोस, ज्याच्या त्याच्या ताटाचा प्रश्न आहे.

शिकारी पहाटे अंधारातच जाऊन झाडाला पाठ टेकून बसतो आणि कान देऊन ऐकतो. वर खार टणक फळ कुरतडायला लागली की टरफलाचे कपचे वाळक्या पानांवर टपटप पडतात, त्यावरून झाड कळतं. पण खार दिसली तरी खोडाआड जाणारच. म्हणून दोघं जातात. एक जण झाडाला वळसा घालतो, त्याला चुकवायला खार फिरते ती नेमकी दुसऱ्याच्या समोर येते. एकटा असला तर पलीकडच्या झुडपात काटकी भिरकावतो. तिकडे कोणी आहे असं समजून खार अलीकडे सरकते आणि फसते.

वर तिथे 1937 पासून बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा राज्यांना वन्यजीवांसाठी मिळतो. म्हणजे शिकाऱ्याच्या खिशातूनही जंगल राखलं जातं. हिशेब चोख आहे, मी नावं ठेवणार नाही. पण तो तिथला. आपल्याकडे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. त्यात खारीसाठी ना हंगाम, ना मौजेचा परवाना. आणि नेम चुकला म्हणून सुटका नाही, कायद्याच्या भाषेत प्रयत्न हीसुद्धा शिकारच.

अमेरिकेतल्या त्या करड्या खारीचं डोकं तर विचारू नकोस. हिवाळ्यासाठी ती एकेक फळ वेगवेगळ्या जागी पुरते. लुसिया जेकब्स नावाच्या बाईंनी 1991 साली प्रयोग करून दाखवलं, की ती नुसत्या वासावर विसंबत नाही, आपण कुठे पुरलं ते तिच्या लक्षात राहतं. कोणी बघत असेल तर खड्डा उकरून पुरल्याचं नाटक करते आणि फळ तोंडातच ठेवून पुढे जाते. जी फळं उकरायची राहून जातात, त्यातली काही उगवतात.

आपल्याकडची मोठी खार म्हणजे शेकरू, महाराष्ट्राचा राज्यप्राणी. शेपटीसकट जवळजवळ मीटरभर लांब, तपकिरी-तांबूस. तिच्यासाठी 1985 साली भीमाशंकरचं अभयारण्य झालं. आपल्या छत्तीसगडातही गरियाबंदकडे उदंती-सीतानदीच्या जंगलात शेकरू आहे. ती जमिनीवर क्वचितच उतरते. फांदीवरून फांदीवर वीस-वीस फूट उडी मारते आणि काटक्या-पानांची एक सोडून चार-पाच घरटी उंच शेंड्यात बांधते. बंदूकवाल्यापासून ती खोडाआड लपेल. पण मधली चार झाडं तोडून रस्ता काढला, तर काय करणार? वीस फुटांची उडी मारणाऱ्याला चाळीस फुटांची फट म्हणजे नदीच. मग खाली उतरावं लागतं, आणि खाली कुत्री असतात, गाड्या असतात. म्हणून काही ठिकाणी रस्त्यावरून या झाडापासून त्या झाडापर्यंत दोर बांधून देतात. दोराचा उपयोग होतो, पण रस्ता आखतानाच वरच्या फांद्या जुळलेल्या ठेवल्या तर दोराची गरजच पडत नाही.